पाचांत परवडत नाही, सातांत बुडते

आमच्या लेकीला मासे आवडत नाहीत. खायला आवडत नाहीत, बघायला आवडत नाहीत, आणि वास तर तिला दोन मजल्यांवरून येतो. त्यामुळे एका संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती जेव्हा म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी एक दिवस आपण बोटीतून मासे धरायला जाऊ या का? ते बेट आहे ना, त्याच्या आसपास. आपण दोघंच," तेव्हा खरं म्हणजे मला शंका यायला हवी होती. आली नाही. शंका येण्याचं खातं आमच्या घरात हिच्याकडे आहे. माझ्याकडे हुरळून जाण्याचं.

लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती. एका वर्षासाठी. "एकच वर्ष," हे मी वाण्याला, न्हाव्याला आणि लिफ्टमध्ये जो कोणी सापडेल त्याला सांगत होतो. वर्ष काय, बघता बघता जातं. यावर लोक "हो ना" म्हणतात आणि आपला मजला आल्यासारखं करून उतरतात. लेकीला घरात सगळे छकू म्हणतात. ऑफिसात ती चांगली दहा माणसांची साहेब आहे, पण ते दहा जण आमच्या घरी येत नाहीत, त्यामुळे अजून निभावून जातंय.

"दोघंच का गं?" मी विचारलं.

"तिथे फोन लागत नाही म्हणतात," ती म्हणाली.

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण हल्लीची मुलं अशीच बोलतात, असं म्हणून मी ते उत्तर म्हणून स्वीकारलं. आमची ही मात्र आतून ओरडली, "दोघंच म्हणाली ना ती? मग दोघंच जा! गाव गोळा करू नका."

आता मी गाव गोळा करणारा माणूस आहे का? मुळीच नाही. गाव माझ्याभोवती आपलं आपण गोळा होतं.

दुसऱ्याच दिवशी मी बोटवाल्याला फोन लावला.

"किती जण?" त्याने विचारलं.

"दोघं."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात, "नुकतंच लग्न झालंय का साहेब?"

"माझी मुलगी आहे ती!"

"मग दोघंच कशाला?" बोटवाल्याचा आवाज पुन्हा धंद्याचा झाला. "हे बघा, मोसम संपत आला. वारा फिरला की बोट वर ओढायची. आता दोन माणसांसाठी इंजिन चालू केलं तर डिझेलसुद्धा मला हसेल. सहा जण आणा. पाचांत परवडत नाही."

"आणि सात झाले तर?"

"सातांत बुडते."

मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आयुष्यात इतक्या स्पष्टपणे कोणी काही सांगत नाही. माझ्या नोकरीत मी किती जणांत परवडतो आणि किती जणांत बुडतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तर चार माणसं कमी होती. मी मनाशी व्यवस्थित योजना आखली. चार अनोळखी माणसं शोधायची. ते त्यांच्या टोकाला, आपण आपल्या टोकाला. अनोळखी माणसं म्हणजे एक प्रकारे नसलेलीच माणसं. योजनेत खोट एकच होती. ओळख नसलेली माणसं शोधायला आपण ओळखीच्याच माणसांकडे जातो.

मी लिफ्टमध्ये कॅप्टनना विचारलं. कॅप्टन आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी उभी हयात जहाज कंपनीत काढली. जहाजावर नव्हे, हिशेब खात्यात. जहाज त्यांनी पाहिलं ते कंपनीच्या कॅलेंडरवर. पण निवृत्तीनंतर त्यांनी दाढी वाढवली, पांढरी टोपी घेतली आणि सोसायटीने त्यांना बढती देऊन टाकली.

"समुद्र म्हणजे पोरखेळ वाटला का तुम्हाला?" लिफ्टचं दार पायाने अडवून ते म्हणाले. "भरती कधी, ओहोटी कधी, माहीत आहे? वारा कुठून येतो?"

"खिडकीतून," मी म्हणालो. कधीकधी माझ्या तोंडून असं निघून जातं.

"म्हणूनच! तुम्हाला एकट्याला सोडणं म्हणजे गुन्हा आहे. मी येतो. आणि मळमळलं तर घाबरायचं नाही. नजर क्षितिजावर रोखायची, बस्स. क्षितिज हलत नाही."

मेहुण्याला तर मी सांगितलंसुद्धा नव्हतं. पण माझा मेहुणा हा सर्वज्ञ माणूस आहे. आपण पंखा घेतला तर त्याच्याकडे त्याच्या पुढचं मॉडेल आधीच फिरत असतं. त्याचा फोन आला तोच मुळी, "भाऊजी, गळ कुठला वापरणार?" असा. मी म्हटलं, बोटवाला देईल तो. त्यावर तो इतक्या दुःखाने हसला की आपण लेकीला रिकाम्या हातांनी लढाईवर पाठवतोय असं मला वाटायला लागलं. फोन ठेवेपर्यंत तो यायचं ठरलं होतं. गळाच्या काठ्या, रिळं आणि कसली कसली रंगीत प्लास्टिकची किडूकमिडूकं तो आणणार होता. शिवाय त्याची बायको येणार होती. तिला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं.

"मग ती कशाला?" मी विचारलं.

"घरी एकटी काय करेल?" असं म्हणून त्याने माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, माणुसकीशून्य माणसाकडे बघावं तसं बघितलं असणार. मला ते ऐकू आलं.

आता एकच जण कमी होता. पण त्याआधी परवाना. खाऱ्या पाण्यात बेटाच्या आसपास गळ टाकायचा तर मत्स्य खात्याचा परवाना लागतो, आणि तो एका माणसाच्या नावाने निघतो. कामावर अर्धी रजा टाकून मी खात्याच्या कार्यालयात गेलो. दारातच काचेची एक मोठी टाकी होती. तिच्यात पाणी नव्हतं, मासाही नव्हता, फायली होत्या. बऱ्याचशा वरच्या अंगाला तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. टाकीमागे कारकून बसला होता आणि पेनाच्या टोपणाने कान कोरत होता.

"हौशी की धंदेवाईक?" त्याने विचारलं.

"हौशी."

"पुरावा?"

"हौसेचा?"

"तुम्ही मच्छीमार नाही याचा."

मी दोन्ही तळहात पुढे केले. नोकरीत माझे हात जितके मऊ राहिले आहेत तितके बाळाचेही नसतील.

"हात नको, दाखला आणा. तुम्हाला ओळखणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याचा. मासेमारीत तुम्हाला काही गती नाही, असं लिहून, सहीशिक्क्यानिशी."

आमच्या ऑफिसात मला ओळखणारा जबाबदार अधिकारी म्हणजे आमचे साहेब. ओळखतात, आणि माझ्या बाबतीत जे काही बिघडतं त्याला जबाबदार मी आहे असं समजतात. मी भीत भीत विनंती केली. एरवी माझ्या रजेच्या अर्जावर सही करायला आठवडा लावणारा हा माणूस, त्याने ताबडतोब कागद ओढला आणि झरझर लिहिलं: "सदर कर्मचारी दीर्घकाळ माझ्या हाताखाली असून त्यांना मासेमारीतच काय, कशातही गती असल्याचे माझ्या निदर्शनास आलेले नाही." खाली सही, त्याखाली गोल शिक्का. माझ्याबद्दल त्यांनी कधी एवढं मोठं वाक्य लिहिलेलं नव्हतं.

कारकुनाने तो दाखला दोनदा वाचला. मग पलीकडच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवला. ते परत जागेवर गेल्यावरही त्यांचे खांदे हलत होते. मी टाकीतल्या फायली बघत उभा राहिलो.

"आता काही अडचण नाही," कारकून म्हणाला. त्याने शिक्का शाईत बुडवला, उचलला आणि तो हवेतच थांबला. "किती जण आहात?"

"पाच. एक कमी आहे."

"मी या खात्यात चिकटलो तेव्हा माझे केस काळे होते," तो एकदम म्हणाला. त्याच्या आवाजातला सरकारी खरखरीतपणा गेला होता. "अजून एकही मासा धरलेला नाही. रोज मासे मासे लिहितो, पण..."

शिक्का हवेत होता. आयुष्यात काही प्रसंगी माणसाला खरोखर निवड करता येते, पण हा तसला नव्हता. "या ना तुम्ही!" मी म्हणालो. शिक्का धाडकन खाली आला.

रात्री जेवताना मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "झालं! सहा पुरे झाले."

छकूने चमचा खाली ठेवला. "सहा?"

"अगं, बोटीचा नियम आहे तसा. मामा-मामी आहेत, कॅप्टन आहेत, ते परवान्याचे गृहस्थ आहेत. घरचीच माणसं. आपण दोघं आपल्या टोकाला बसू. त्यांच्याशी आपल्याला काय घेणं?"

"बसू," ती म्हणाली. थोड्या वेळाने उठून तिने गॅलरीतल्या कुंडीला पाणी घातलं. हिने नुकतंच घातलेलं होतं. ही माझ्याकडे बघत राहिली. दूध उतू गेल्यावर बायका गॅसकडे बघतात तशी.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"मला काय विचारता? तिला विचारा."

"तिने तर बसू म्हटलं."

"हो का," ही म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. माझं जेवण अजून व्हायचं होतं.

त्या रविवारी आम्ही उजाडताच निघालो. उन्हाळा सरत आला की समुद्राजवळची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते, तशी चिकटत होती. मेहुण्याच्या गाडीत पुढे कॅप्टन बसले, रस्ता दाखवायला. रस्ता सरळ होता. मागे मामी डोळे मिटून बसली. गोळी तिने घरूनच घेतली होती. मधे गळाच्या काठ्या आडव्या टाकल्या होत्या, त्यामुळे छकू त्या खिडकीशी आणि मी या खिडकीशी. एकदा काठ्यांवरून ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. मग काठीचं टोक माझ्या नाकपुडीत गेलं.

धक्क्यावर एक छोटी खिडकी होती, काचेला अर्धगोल भोक पाडलेली. आत टेबलपंख्यासमोर एक बाई बसून तरंगायची जाकिटं वाटत होती. पोक्त, बोलघेवडी बाई. सगळ्यांना मापाची जाकिटं मिळाली आणि मला उरलेलं मिळालं. ते लहान मुलांचं होतं. छातीपाशी त्याच्यावर हसरा बेडूक काढलेला होता. "पाण्यात पडल्यावर कोण बघतंय?" बाई म्हणाली. मी तो बेडूक घालून बोटीत चढलो. छकू चढली. मेहुणा, मामी, कॅप्टन चढले. एवढ्यात खात्याची जीप येऊन थांबली आणि तिच्यातून कारकून उतरला. आणि त्याच्यामागून, टोपीला चारी बाजूंनी गळ टोचलेले एक साहेब.

कारकून माझ्या कानाशी लागला. "परवान्यावर सही यांचीच आहे हो. त्यांनी विचारलं, रविवारी कुठे चाललास? मी खोटं बोलणार होतो. पण सवय नाही."

साहेब बोटीत चढून मधोमध बसलेसुद्धा.

बोटवाल्याने बोटाने माणसं मोजली. पुन्हा मोजली. "सात," तो म्हणाला आणि त्याने इंजिनावरचा हात काढून घेतला.

मग ती शांतता झाली, जी फक्त मध्यमवर्गीय माणसांमध्ये होते. प्रत्येक जण दुसरा कोणीतरी चांगला माणूस असल्याची वाट बघत होता. मामीचे डोळे मिटलेलेच होते आणि गोळीचा अंमल चढला होता. मेहुणा म्हणाला, "काठ्या माझ्या आहेत, नाहीतर मी लगेच उतरलो असतो." कॅप्टन म्हणाले, "मी उतरलो तर दिशा कोण दाखवणार?" कारकून साहेबांकडे बघत होता आणि साहेब समुद्राकडे.

"मी थांबते," छकू म्हणाली.

"छे, छे! तुझ्यासाठी तर हे सगळं..."

"बाबा, राहू दे. मला तसाही वास सहन होत नाही." तोपर्यंत ती धक्क्यावर उतरलीसुद्धा होती.

"बघा, किती समजूतदार आहे!" मेहुणा म्हणाला. "शिस्त!" कॅप्टन म्हणाले. "गुणी पोर," मामी मिटल्या डोळ्यांनी पुटपुटली. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "चांगले संस्कार आहेत," ते म्हणाले. आमिषावर मासे झेपावतात म्हणतात, पण इतक्या चपळाईने झेपावताना मी त्या दिवशी एकही मासा पाहिला नाही.

"मग मीही उतरतो," असं म्हणून मी एक पाय धक्क्यावर टाकला.

"तुम्हाला नाही उतरता येणार," साहेब म्हणाले. "परवानाधारक बोटीत नसेल तर बोट हलू शकत नाही. नियम आहे."

एक पाय बोटीत आणि एक पाय धक्क्यावर असताना बोट सरकायला लागली की माणसाकडे विचार करायला फार वेळ नसतो. कारकुनाने मला बेडकासकट आत ओढलं. छकूने हात हलवला. "मजा करा!" ती ओरडली. मी काहीतरी ओरडलो, पण इंजिन सुरू झालं होतं.

मासे धरायची तिथली पद्धत अशी की बेटाभोवती संथपणे फेऱ्या मारायच्या आणि मागे गळ सोडून ठेवायचे. बेट काही मोठं नव्हतं. खडक, झुडपं आणि आपलीच मालकी असल्यासारखे बसलेले पक्षी. पलीकडच्या बाजूला गेलं की धक्का दिसेनासा व्हायचा, अलीकडे आलं की पुन्हा दिसायचा. पहिल्या फेरीला छकू बाकावर एकटी बसलेली दिसली. तिने हात केला. मी हात करायला उभा राहिलो आणि मेहुण्याने नेमका तेव्हाच गळ फेकायला काठी मागे नेली. ज्या चित्रफितींमध्ये तो हे शिकला होता त्यांत मागे बहिणीचे नवरे उभे नसावेत. गळ माझ्या पँटच्या मागच्या बाजूला घुसला.

तो काढण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालला. इतका वेळ मिटलेले मामीचे डोळे त्या कार्यक्रमापुरते उघडले. शेवटी बोटवाल्याने चाकूने पँटचा तुकडाच कापून काढला. वारा कुठून येतो, हे मला यापुढे कोणी शिकवायला नको.

कॅप्टनची प्रकृती दुसऱ्या बाजूला जाईपर्यंतच ढासळली होती. त्यांनी नजर क्षितिजावर रोखली होती. मग ते बोटवाल्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "क्षितिज हलतंय." जणू त्याने ते घट्ट बसवून द्यावं. नंतर ते बोटीच्या कडेवर ओणवे झाले आणि त्या मुक्कामातून उठलेच नाहीत. दिशा दाखवण्यासाठी मधूनमधून एक बोट तेवढं वर करायचे.

दुसऱ्या फेरीला धक्का दिसला तेव्हा खिडकीतली बाई बाहेर येऊन छकूशेजारी बसली होती. दोघींमध्ये डबा उघडलेला होता. मला बरं वाटलं. पोरगी एकटी नाही.

एवढ्यात कारकुनाच्या काठीला हिसका बसला. त्याने रीळ फिरवलं आणि दोरीच्या टोकाला वीतभर चकाकता मासा आला. कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. तो मासा त्याने तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांत धरला आणि आमच्या सगळ्यांकडे बघून हसला. साहेबांनी खिशातून पट्टी काढली.

"लहान आहे," ते म्हणाले. "सोडा."

"साहेब, पहिलाच..."

"तुम्हीच टाइप केलेला नियम आहे."

कारकुनाने मासा सोडला. नंतर तो पुष्कळ वेळ पाण्याकडे बघत बसला. काठी त्याने पुन्हा हातात घेतली नाही. मला वाटलं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा. पण मधे साहेब बसले होते.

पलीकडची बाजू संपत आली आणि माझी काठी वाकली. आधी वाटलं, खडकात अडकली. मग खडक पळायला लागला. माझ्या हातांना, ज्यांच्या निरुपयोगाचा शिक्का मारलेला दाखला सरकारदरबारी जमा आहे, त्या हातांना पलीकडून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओढत होतं. मी रीळ फिरवत होतो, तो ओढत होता. मेहुणा "सैल सोडा!" म्हणत होता, बोटवाला "सोडू नका!" म्हणत होता. मला फक्त एकच दिसत होतं. बोट वळत होती, धक्का जवळ येत होता. छकूला हे दिसलं पाहिजे.

"छकू!" मी ओरडलो. "बघ! अगं इकडे बघ!"

"द्या इकडे," साहेब म्हणाले. "असं नाही धरायचं." आणि त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली. मी दिली. हे मी का केलं, असं मला नंतर हिने विचारलं. साहेबाने हात पुढे केला की आपल्या हातात असेल ते द्यायचं, याचं प्रशिक्षण मला पगारी मिळालेलं आहे.

मासा बघायला सगळे एका बाजूला आले. बोट कलली. चाऱ्याची, म्हणजे कुजक्या माशांच्या चिंध्यांची, बादली कलंडली आणि ती सगळी माझ्या अंगावर आली. दोरी मेहुण्याच्या दोरीत गुंतली, दोघींनी मिळून कॅप्टनची दोरी बरोबर घेतली आणि तिघी जाऊन बोटीच्या पंख्यात अडकल्या. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

एकदम इतकं शांत झालं की पाण्याचा चुळुक चुळुक आवाज ऐकू यायला लागला. धक्का अगदी समोर होता. बाकावर छकू वाकून बसली होती. तोंड ओंजळीत होतं, खांदे हलत होते आणि त्या बाईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. हसत होती. आमची ती दशा बघून कोणीही हसलं असतं. हसतच होती, असं मी ठरवलं.

बोटवाल्याने दोऱ्या कापल्या, पण पंखा काही मोकळा झाला नाही. शेवटी दुसऱ्या एका बोटीने आम्हाला दोर लावून ओढत आणलं. वाटेत साहेबांनी गेलेल्या माशाची लांबी कारकुनाला सांगितली, आणि धक्का येईपर्यंत तो मासा हातभर वाढला. उतरताना ते मला म्हणाले, "कापलेल्या दोऱ्या समुद्रात टाकल्या गेल्या आहेत. परवाना तुमच्या नावावर आहे. नोटीस येईल. मनाला लावून घेऊ नका."

छकू धक्क्याच्या कडेपर्यंत आली होती. डोळे लाल होते. ऊन फार होतं. "बाबा, हे काय झालं?" ती म्हणाली. मी तिला पँटची हकीकत सांगितली. जरा हातवारे करून, रंगवूनच सांगितली. ती हसली. "तोंड धुऊन येते मी," असं म्हणून नळाकडे गेली. मी जाकिटं परत करायला खिडकीशी गेलो.

"छकूचे बाबा ना तुम्ही?" बाई म्हणाली. घरातलं नाव हिला कळलं होतं. "फार गोड आहे हो तुमची मुलगी. सकाळपासून माझ्याजवळच होती. आत्ता तुम्ही दोघं बोलत उभे राहिलेले पाहिलं ना, तेव्हा मलाच हायसं वाटलं. सांगून टाकलं ना तिने?"

मी बेडकाचा बंद सोडत होतो. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती.

"कायमचं तिकडे राहायचं म्हणजे सोपं नाही," बाई सांगत होती. "आणि बापाला सांगायचं म्हणजे तर त्याहून अवघड. वर्षाने येणार म्हणून तुम्ही सगळीकडे सांगून बसलात, आता तोंड कसं उघडू, म्हणत होती. रडली हो बिचारी. मी म्हटलं, अगं, बाप आहे तो, समजून घेईल. सांगितलं ना?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं."

"माझ्या वडिलांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही किती शांत आहात!"

"आमच्याकडे सगळे तसे... समजूतदार आहेत."

"आणि तो मुलगाही चांगला आहे म्हणे, नाही का?"

"हो, हो. चांगला आहे," मी म्हणालो. तो जगात आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी त्याच्याबद्दल आणखी एकदोन बऱ्या गोष्टी बोललो. बाईने कात्रीने माझी गाठ कापून दिली.

परतीच्या वाटेवर मधे काठ्या नव्हत्या. दोन मोडल्या होत्या, उरलेल्या मेहुण्याने रागाने टपावर बांधल्या. त्यामुळे आता मी छकूशेजारी बसलो होतो. माझ्या अंगाला जो वास येत होता त्याने मामी झोपेतसुद्धा दाराकडे सरकत होती. छकू सरकली नाही. तिने खिडकीसुद्धा उघडली नाही. मग तिने माझ्या बाहीवरची माशाची एक चिंधी दोन बोटांनी उचलली आणि रुमालात घेतली.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

"बोल ना."

"मला ना..."

पुढच्या सीटवरून कॅप्टन वळले. जमिनीवर आल्यापासून त्यांना पुन्हा कंठ फुटला होता. "काय छकूताई! हुकली ना आजची सफर? हरकत नाही. एक वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात की पुन्हा बोट काढू. काय?"

"नक्की!" मेहुणा म्हणाला. "तोवर मी नवीन काठ्या घेतो."

"हो काका," छकू म्हणाली.

मग तिने चिंधीसकट रुमालाची घडी केली. मला बोलता आलं असतं. "मला माहीत आहे" असं म्हटलं असतं तर काम संपलं असतं. पण मग ते मला खिडकीतल्या बाईकडून कळलं, हेही सांगावं लागलं असतं. तिने चार माणसांच्या गर्दीतून, काठ्यांवरून, धक्क्यावरून जे माझ्यासाठी जपून आणलं होतं, ते मी आधीच दुसरीकडे फुकट ऐकून आलो होतो. काय सांगणार? तिने डोळे मिटले. झोपली नव्हती. तिच्या हातातला रुमाल घट्ट धरलेला होता.

घरी हिने दार उघडलं. तिने माझ्या अवताराकडे पाहिलं नाही, पँटकडे पाहिलं नाही, वासाबद्दलसुद्धा काही बोलली नाही. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "झालं का बोलणं?"

"झालं," मी म्हणालो.

"झालं," छकू म्हणाली. अगदी त्याच वेळी.

मग छकूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. पदराने डोळे पुसून ही म्हणाली, "चला, एक ओझं उतरलं. मला वाटत होतं, कसं होणार कोण जाणे."